पापाचा उपयोग

ईस्टरच्या आदल्या रात्री कॅथॉलिक देवळांतले दिवे मालवलेले असतात. बाहेर अंगणात नवा विस्तव पाडतात, त्यावर एक जाडजूड मेणबत्ती पेटवतात आणि ती घेऊन धर्मसेवक काळोख्या देवळात शिरतो. मागून येणारी माणसे आपापल्या हातांतील लहान मेणबत्त्या त्या एका ज्योतीवरून लावून घेतात, आणि पाहता पाहता सारे देऊळ उजळून निघते. एका पणतीवरून दुसरी पणती लावण्याचा प्रघात ज्यांच्या घरी आहे त्या आपल्या वाचकांना या देखाव्यात परके असे काही वाटणार नाही. नवल आहे ते पुढेच.

दिवे लागले की त्या मेणबत्तीजवळ उभे राहून एक दीर्घ स्तोत्र गायिले जाते. पश्चिमेकडील देवळांतून ते बाराशेहून अधिक वर्षे गायिले जात आहे. मध्ययुगात दक्षिण इटलीमध्ये ते लांबलचक गुंडाळ्यांवर लिहीत आणि मधूनमधून चित्रे काढीत. गंमत अशी, की ही चित्रे अक्षरांच्या मानाने उलटी असत. गाणारा उंच व्यासपीठावरून गुंडाळी खाली सोडीत जाई, म्हणजे समोर उभ्या असलेल्या निरक्षर मंडळींना चित्रे सुलटी दिसत! या स्तोत्रात त्या रात्रीची स्तुती आहे, मेण गोळा करणाऱ्या मधमाश्यांचीही स्तुती आहे. आणि मध्येच, कुणी मागून धक्का द्यावा तसे, आदामाच्या पापाचेही कौतुक आहे. ते पाप घडणे आवश्यकच होते, तो अपराध भाग्याचाच म्हटला पाहिजे, कारण त्याच्यापायी एवढा थोर तारणारा जगाला लाभला, अशा अर्थाचे उद्गार त्यात येतात.

प्रथम ऐकणारा दचकतो. दचकण्यासारखेच आहे ते. फ्रान्समधील क्लूनीच्या विख्यात मठाचा अकराव्या शतकातील अधिपती ह्यू याने हे उद्गार आपल्या मठाच्या पोथीतून काढून टाकायला लावले, आणि इतरही काही ठिकाणी ते गाळून म्हणत. पापालाच भाग्याचे म्हणायचे, तर मग लोकांना पापापासून परावृत्त करायचे कोणत्या तोंडाने? मठाधिपतीची ही अडचण कोणत्याही शाळामास्तराला चटकन समजेल. ‘चुकलास ते बरेच झाले’ असे वर्गात एकदा म्हणून पाहावे. दुसऱ्या दिवशी वह्या तपासताना त्याचे फळ हाती येते.

आदामाची कथा मराठीला नवी नाही. देवाची आज्ञा मोडून आदाम आणि हव्वा यांनी निषिद्ध झाडाचे फळ खाल्ले, त्यामुळे ती नंदनवनातून घालवली गेली आणि मरण जगात आले, ही हकीकत फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात राहून आपल्या ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराणा’त सांगितली. तो ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. पण आदामाचे पतन ही दुःखाची गोष्ट म्हणून सांगणे वेगळे आणि त्याच पतनाला भाग्य म्हणणे वेगळे. हा दुसरा विचार कुठून आला? कुणा भाविक कवीने भावनेच्या भरात चार शब्द जास्त लिहिले, एवढाच त्याचा अर्थ असता तर त्यासाठी दिवाळी अंकाची पाने अडवण्याचे कारण नव्हते. परंतु त्या ओळीच्या पाठीमागे पहिल्या चार शतकांचा एक मोठा वाद आहे. तो पंडितांच्या पडवीत सुरू झालेला नाही. पडलेल्या माणसांना घरात घ्यायचे की उंबरठ्याबाहेरच ठेवायचे, या प्रश्नातून तो निघाला.

या कथेचा पहिला नायक पौल. ख्रिस्ती होण्याआधी त्याचे नाव शौल होते आणि ख्रिस्ती लोकांना धरून तुरुंगात घालणे हा त्याचा उद्योग होता. स्तेफन नावाच्या एका भक्ताला जेरुसलेमच्या लोकांनी दगडांनी ठेचून मारले, तेव्हा मारणाऱ्यांनी आपली वस्त्रे उतरवून या तरुणाच्या पायांशी ठेवली होती. दगड त्याने मारला नाही. त्याने कपडे सांभाळले. हा तपशील मला नेहमी फार बोचतो. दगड मारणाऱ्याला निदान रागाची तरी सबब असते. हाच शौल पुढे पौल झाला, आणि इ. स. ५७च्या सुमारास रोममधील ख्रिस्ती मंडळींना लिहिलेल्या पत्रात त्याने मांडले, की पाप जिथे वाढले तिथे देवाची कृपा त्याहूनही अधिक वाढली.

एवढे वाक्य ऐकून लोकांनी जे करायचे तेच केले. ‘मग काय, चांगले निष्पन्न व्हावे म्हणून आपण वाईट करू या’, अशी या नव्या पंथाची शिकवण आहे, अशी आवई उठली. पौल त्याच पत्रात या निंदेचा उल्लेख करतो आणि पुढे स्वतःच प्रश्न विचारतो: कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहायचे काय? उत्तर अगदी थोडक्यात आहे, आणि ते साफ नकाराचे. वादाची सारी हद्द पौलाने इथेच आखून दिली. आपल्या हातून घडलेल्या पापाकडे मागे वळून पाहताना माणसाला म्हणता येते, की देवाने यातूनही काही चांगले काढले. पुढे घडायच्या पापाविषयी तेच वाक्य उच्चारले, की ते सैतानाचे वाक्य होते. शब्द तेच, फक्त तोंड कोणत्या दिशेला आहे ते पाहायचे.

पौलाच्या जोडीला पेत्र आहे. येशूला पकडले त्या रात्री कोंबडा आरवण्याच्या आत या पट्टशिष्याने ‘मी त्याला ओळखत नाही’ असे तीनदा सांगितले आणि मग बाहेर जाऊन तो रडला. कोणताही नवा पंथ आपल्या पहिल्या पुढाऱ्याची अशी नाचक्की झाकून ठेवील. इथे तर चारही शुभवर्तमानांत ती लिहून ठेवलेली आहे.

बाहेरच्या माणसांना ही सारी तऱ्हा विचित्र वाटे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस केल्सस नावाच्या ग्रीक विद्वानाने ख्रिस्ती धर्मावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने टोमणा मारला, की इतर पंथांचे पुजारी ‘ज्याचे हात शुद्ध असतील त्याने यावे’ अशी हाक देतात; हे लोक मात्र पाप्याला, अडाण्याला, करंट्याला आवतण देतात. चोर-दरोडेखोरांना बोलावणे असते तर याहून निराळे कोणते शब्द वापरले असते? साधारण सत्तर वर्षांनी अलेक्झांड्रियाचा महापंडित ओरिजेन याने त्याला सविस्तर उत्तर दिले. रोग्याला औषधासाठी बोलावणे आणि निरोग्याला गूढविद्येसाठी बोलावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्याचे म्हणणे. उत्तर बिनतोड आहे, पण त्यात पापाला फक्त आजाराची जागा मिळते. आजार कुणाला हवासा वाटतो?

आजाराचाही काही उपयोग असतो, हे धिटाईने सांगणारा पहिला मोठा लेखक म्हणजे लियाँचा बिशप आयरेनियस. काळ इ. स. १८०च्या आसपासचा. त्याच्या मते आदाम आणि हव्वा ही पूर्ण वाढलेली माणसे नव्हती. ती लेकरे होती. गोड आणि कडू यांतला फरक जिभेला चाखूनच कळतो. तसे आज्ञापालनाचे मोल माणसाला अवज्ञेचा अनुभव आल्यावर कळले. योना नावाच्या संदेष्ट्याला मोठ्या माशाने गिळले आणि तीन दिवसांनी किनाऱ्यावर ओकून टाकले, ही बायबलमधील कथा घेऊन तो म्हणतो, की देवाने माणसालाही असेच त्या जुन्या शत्रूच्या पोटात जाऊ दिले. हेतू असा, की बाहेर पडल्यावर त्याने आपल्याला कुठून सोडवले गेले हे विसरू नये आणि स्वतःला देव समजू नये. आयरेनियस भाबडा दिसतो, पण मला तो या सर्वांमध्ये मायाळू वाटतो. आदामाचा उद्धार झालाच नाही असे टेशियन नावाचा एक कडवा उपदेशक म्हणत असे. त्याच्यावर आयरेनियस खरोखर चिडला आहे. मेंढपाळ हरवलेले मेंढरू शोधायला निघाला आणि पहिलेच हरवलेले मेंढरू त्याने तसेच सोडले, असे कसे होईल?

याच आयरेनियसला पौलाची हद्द ओलांडणारी माणसेही भेटली. कार्पोक्रेटीस नावाच्या गुरूचे अनुयायी म्हणत, की आत्म्याने भल्याबुऱ्या सर्व तऱ्हेच्या कर्मांतून गेल्याशिवाय त्याची जन्माच्या फेऱ्यातून सुटका नाही. आणखी एक पंथ काइन वगैरे बायबलमधील खलपुरुषांनाच पूज्य मानी आणि यहूदाच्या नावाचे एक शुभवर्तमानही बाळगून होता. येशूला तीस नाण्यांसाठी पकडून देणारा तोच हा यहूदा! निंदकाने प्रतिपक्षाविषयी लिहिलेले सारेच खरे मानू नये, हा इतिहासाचा पहिला धडा. तथापि या नावाचे एक पुस्तक होते हे मात्र खरे ठरले. त्याचे कॉप्टिक भाषेतील जीर्ण हस्तलिखित इजिप्तमध्ये सापडले आणि २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यात यहूदाला इतर शिष्यांहून अधिक गुह्य ज्ञान मिळते. मात्र तो त्यात नायक आहे की फसलेला माणूस, यावर विद्वानांचे अजून एकमत नाही.

हे सारे झाले ग्रंथांतले. पुढे एक असा प्रसंग आला, की प्रश्न घराघरात शिरला.

त्या काळी बाप्तिस्म्याने मागची सर्व पापे धुतली जातात असे मानीत; पण बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच. त्यानंतर मोठे पाप घडले तर काय? दुसऱ्या शतकात रोममधील हर्मास नावाच्या लेखकाने फक्त एकदाच आणखी संधी मिळेल असे सांगितले. आफ्रिकेतील टर्टुलियन याने त्या संधीला गलबत फुटल्यावर हाती लागणाऱ्या फळीची उपमा दिली. फळी होती खरी, पण तिला धरणे सोपे नव्हते. गोणपाट नेसून, राखेत बसून, सर्वांसमक्ष वडीलधाऱ्यांच्या पायांशी लोळण घ्यावी लागे. त्यामुळे कित्येक हिशेबी माणसे बाप्तिस्माच लांबणीवर टाकीत. पुढे कॉन्स्टंटाइन बादशहाने ३३७ साली तो घेतला तोही अंथरुणाला खिळल्यावर.

इ. स. २५०च्या सुमारास रोमन बादशहा डेसियस याचे फर्मान निघाले, की साम्राज्यातील प्रत्येकाने देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तच्या वाळूत जसेच्या तसे सापडले आहेत. ‘मी देवतांना नेहमीच भजत आलो, आताही आपल्यासमक्ष अर्घ्य दिले, बळी दिला आणि प्रसाद भक्षण केला’, असा साधारण मजकूर आणि खाली साक्षीदाराची सही. सरकारी कागद तो. त्याला घाम नाही की अश्रू नाहीत. पण ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने तो धर्मत्यागाचा करारनामा होता.

कार्थेज शहरात काय घडले ते तिथला बिशप सिप्रियन याने लिहून ठेवले आहे. लोकांना धरून आणावे लागलेच नाही. फर्मान ऐकताच ते आपण होऊन चौकाकडे धावले. संध्याकाळ झाली म्हणून अधिकाऱ्यांनी ‘उद्या या’ म्हटले, तर ‘आजच उरकून घ्या’ म्हणून गयावया करू लागले. आईबापांनी तान्ही मुले कडेवर घेऊन नेली. काहींनी बळी दिला, काहींनी नुसता चिमूटभर धूप टाकला, आणि काहींनी काहीही न करता पैसे चारून दाखला तेवढा मिळवला. हा शेवटचा मार्ग आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

वर्ष-सव्वा वर्षात वावटळ ओसरली आणि ही सारी माणसे देवळाच्या दाराशी परत आली. आता यांचे करायचे काय? ज्यांनी छळ सोसला होता, तुरुंगात दिवस काढले होते, ते दारातच उभे होते. रोममध्ये नोव्हेशियन नावाचा विद्वान आणि कडक आचरणाचा धर्मगुरू होता. त्याने सांगितले: देव त्यांना क्षमा करील तर करो, आपल्याला दार उघडण्याचा अधिकार नाही. त्याने २५१ साली आपला वेगळा पंथ काढला आणि तो काही शतके टिकलाही. नोव्हेशियनला निष्ठुर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ज्या घरातला मुलगा छळात मेला, त्या घराने शेजारच्या दाखलेवाल्याला पंगतीत कसे बसवून घ्यावे, याचाही विचार केला पाहिजे.

सिप्रियन स्वतः अडचणीत होता. छळाच्या काळात तो लपून राहिला होता आणि त्याबद्दल लोक त्याला बोलत. एकीकडे तुरुंगातले वीर वाटेल त्याला माफीच्या चिठ्ठ्या देत सुटले होते, दुसरीकडे नोव्हेशियनचे कडवे लोक होते. त्याने मधला रस्ता धरला. ज्यांनी नुसते दाखले घेतले होते त्यांना प्रायश्चित्तानंतर घ्यावे. प्रत्यक्ष बळी देणाऱ्यांना मरणसमयीच. पण पुढे नव्या छळाची चाहूल लागली तेव्हा, प्रायश्चित्त करीत असलेल्या सर्वांनाच आत घ्यावे असे त्याने ठरवले. उद्या ज्यांना लढायला सांगायचे त्यांना आज नि:शस्त्र कसे ठेवायचे, असा त्याचा युक्तिवाद. त्याने कास्टस आणि एमिलियस या दोघांचे उदाहरण दिले आहे. पहिल्या छळात आगीपुढे हरलेले हे दोघे दुसऱ्या वेळी आगीलाच हरवून गेले. पडलेला शिपाई परत रणात उतरतो तेव्हा त्याचे दुःखच त्याला अधिक बळ देते, असे सिप्रियन म्हणतो. पाप तारणाच्या कामी येते ही कल्पना इथे सूत्र म्हणून आली नाही. कचेरीतल्या निर्णयासारखी, माणसांच्या यादीवर टिचक्या करता करता आली. स्वतः सिप्रियन २५८ साली सप्टेंबरच्या १४ तारखेला तलवारीखाली मान देऊन मेला. त्यानंतर त्याच्या लपण्याविषयी बोलणारे गप्प बसले असावेत.

याच काळातली अलेक्झांड्रियाची एक हकीकत तिथला बिशप डायोनिशियस याने पत्रातून कळवली आहे. सेरापियन नावाचा एक म्हातारा होता. जन्मभर सचोटीने वागलेला, पण छळात त्याने बळी दिला. मग तो पुन्हा पुन्हा क्षमेसाठी विनवी. कुणी लक्ष देईना. पुढे तो आजारी पडला, तीन दिवस बेशुद्ध होता. चौथ्या दिवशी शुद्ध येताच त्याने नातवाला हाक मारली आणि कुणातरी धर्मगुरूला घेऊन ये म्हणून पाठवले. मुलगा धावत गेला. रात्र होती आणि धर्मगुरूही आजारी होता, त्याला उठवेना. त्याने प्रभुभोजनाच्या भाकरीचा एक लहानसा तुकडा मुलाच्या हातात दिला आणि सांगितले, की हा पाण्यात भिजवून आजोबांच्या तोंडात घाल. मुलगा घरी पोहोचण्याआधीच म्हातारा म्हणाला, ‘आलास बाळ? धर्मगुरूंना येता आले नाही ना? त्यांनी सांगितले ते लवकर कर आणि मला जाऊ दे.’ मुलाने तुकडा भिजवून त्याच्या तोंडात घातला. म्हाताऱ्याने घोट गिळला आणि प्राण सोडला. मोठमोठ्या धर्मपरिषदांच्या ठरावांनी जे साधले नाही, ते त्या मुलाने काळोखातून धावत जाऊन साधले.

इजिप्तच्याच वाळवंटात पुढल्या शतकात मोशे नावाचा काळा हबशी साधू होता. तो आधी दरोडेखोर होता. वाल्याचा वाल्मीकी झाला हे लहानपणापासून ऐकणाऱ्यांना त्यात आश्चर्य नाही. आश्चर्य त्याच्या एका कृतीत आहे. मठातील एका साधूच्या अपराधाचा न्याय करायला सगळे जमले आणि मोशेला बोलावणे गेले. तो येईना. पुन्हा निरोप गेला, तेव्हा तो गळके भांडे पाण्याने भरून पाठीवर घेऊन आला. हे काय, असे विचारल्यावर म्हणाला, ‘माझी पापे माझ्या मागे गळत चालली आहेत, ती मला दिसत नाहीत, आणि मी आज दुसऱ्याचा न्याय करायला आलो आहे.’ अपराध्याला त्यांनी सोडून दिले. जुन्या पापाने या माणसाला जे दिले ते निष्पाप साधूंना कुठून मिळणार?

चौथ्या शतकाच्या अखेरीस मिलानच्या बिशप अँब्रोजने हीच गोष्ट उघड शब्दांत मांडली. निष्पापपणाने मला गर्व आला असता, अपराधाने नम्र केले. तेव्हा अपराधच अधिक फलदायी, असा त्याचा विचार. दावीद राजाने उरियाची बायको घेतली आणि उरियाला लढाईत मरायला पाठवले. पण नाथान संदेष्ट्याने ते तोंडावर सांगताच तो ‘मी पाप केले’ म्हणाला. राजे पाप करतात ते सगळेच. कबूल करणारे किती, असे अँब्रोज विचारतो. ३९० साली त्याला हा प्रश्न प्रत्यक्षच विचारावा लागला. थेस्सलोनिका शहरात दंगा होऊन सेनापती मारला गेला, म्हणून थिओडोशियस बादशहाच्या सैन्याने हजारो नागरिक कापून काढले. अँब्रोजने बादशहाला प्रभुभोजन नाकारले आणि साम्राज्याचा धनी राजचिन्हे उतरवून सर्वांसमक्ष रडला. नाताळपर्यंत त्याला आत घेण्यात आले. आत घेतले ते योग्यच झाले. पण उरियाचे काय, आणि थेस्सलोनिकाच्या त्या हजारोंचे काय, हा प्रश्न मला सोडीत नाही. पापाने पाप्याचे कल्याण झाले असेल. ज्याच्यावर पाप झाले तो कोणत्या जमाखर्चात?

या अँब्रोजच्याच हातून ३८७ सालच्या ईस्टरच्या रात्री एका बत्तीस वर्षांच्या आफ्रिकी अध्यापकाने बाप्तिस्मा घेतला. तोच ऑगस्टीन. त्याने पुढे लिहिलेले आत्मनिवेदन जगातील पहिल्या मोठ्या आत्मचरित्रांत गणले जाते. त्यात सोळाव्या वर्षी शेजारच्या झाडाचे पेरू चोरल्याची गोष्ट आहे. पेरू म्हणजे आपला नव्हे, ते नासपतीच्या जातीचे फळ. चोरले, आणि खाल्ले तरी किती? बहुतेक डुकरांना टाकले. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. चोरीसाठी चोरी. एवढ्याशा गोष्टीवर तो पानेच्या पाने लिहितो. पुष्कळांना ते हास्यास्पद वाटते. पण वाईट गोष्ट वाईट म्हणूनच आवडली, हे स्वतःच्या बाबतीत पाहण्याचे धैर्य फार थोड्या लेखकांना असते.

त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. अनेक वर्षे त्याच्यासोबत एक स्त्री राहत होती. लग्न झालेले नव्हते. त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव अडिओडेटस, म्हणजे शब्दशः देवदत्त. त्याच ईस्टरच्या रात्री बापाबरोबर मुलानेही बाप्तिस्मा घेतला. ऑगस्टीन लिहितो, की त्या मुलात माझे असे काही असेल तर ते फक्त पाप. बाकी सारे देवाने दिलेले. पाप तारणाच्या कामी कसे येते याचे याहून जिवंत उदाहरण कुठे शोधायचे? तो बुद्धिमान मुलगा लहान वयातच वारला. आणि ती स्त्री? मानाच्या घरची सोयरीक जुळावी म्हणून तिला त्याआधीच आफ्रिकेला परत पाठवले होते. दुसऱ्या पुरुषाचे तोंड पाहणार नाही असे देवाला सांगून, मुलाला मागे ठेवून ती गेली. आपले काळीज फाटले असे ऑगस्टीन लिहितो. तिचे नाव मात्र लिहीत नाही. कादंबरीकाराला तिचे नाव नसलेले हे पान सर्वांत मोठे वाटते.

ऑगस्टीनच्या नावावर असलेल्या एका प्रवचनात म्हटले आहे, की स्तेफनने मरताना आपल्या मारेकऱ्यांसाठी प्रार्थना केली नसती तर ख्रिस्तसभेला पौल मिळाला नसता. कपडे सांभाळणाऱ्या त्या तरुणाचे पाप कामी आले ते ठेचल्या जाणाऱ्याने ते कामी येऊ दिले म्हणून. ज्याच्यावर पाप झाले त्याला जमाखर्चात घेणारे असे वाक्य या साऱ्या वाङ्मयात मला क्वचितच आढळले.

उतारवयात ऑगस्टीनने या विचाराला सिद्धांताचे रूप दिले. वाईट होऊच न देण्यापेक्षा वाइटातून चांगले काढणे देवाला अधिक बरे वाटले, असे त्याने ४२१च्या सुमारास एका छोट्या पुस्तकात मांडले. गर्विष्ठाने एखाद्या उघड पापात पडणे त्याच्या हिताचेच, कारण त्यामुळे तो स्वतःवर नाराज होतो, असेही त्याने लिहिले. बढाई मारणाऱ्या पेत्रापेक्षा रडणारा पेत्र अधिक सुरक्षित होता. पेलाजियस नावाच्या ब्रिटनहून आलेल्या सदाचारी उपदेशकाला या विचारसरणीतली कृपेवरची सारी भिस्त खटकत असे. माणसाने झटावे, देवाने शक्ती दिली आहे ती वापरावी, असे त्याचे सांगणे. वर्गात उभे राहून मीही तेच सांगतो. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने त्याची मते धिक्कारली. पण त्याच्या बाजूचा एक्लानमचा बिशप ज्युलियन गप्प बसेना. आदामाच्या पापाचा डाग तान्ह्या मुलालाही लागतो, म्हणून बाप्तिस्म्याविना मेलेले मूल दंडास पात्र, असे ऑगस्टीन म्हणे. हा देव न्यायी कसा, असे ज्युलियन विचारी. स्तोत्रातल्या त्या भाग्याच्या अपराधाची किंमत पाळण्यातल्या लेकरांनी द्यायची, हे ज्युलियनला पटेना. या एका मुद्द्यावर मला तो बरोबर वाटतो.

ज्युलियनला उत्तर म्हणून लिहीत असलेला मोठा ग्रंथ ऑगस्टीनच्या हातून पुरा झाला नाही. ४३० सालच्या उन्हाळ्यात व्हँडल टोळ्यांनी त्याच्या हिप्पो शहराला वेढा घातला. म्हातारा बिशप तापाने आजारी पडला. त्याचा शिष्य पोसिडियस तिथेच होता, त्याने लिहून ठेवले आहे. दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रे उतरवून घेऊन बिछान्यासमोरच्या भिंतीवर लावायला ऑगस्टीनने सांगितले. वैद्य येतील तेव्हा आणि जेवण आणतील तेव्हाच फक्त कुणी आत यावे, असा हुकूम केला. दहा दिवस तो एकटा ती स्तोत्रे वाचीत आणि रडत पडून होता. २८ ऑगस्टला तो वारला. तेव्हा शहराचा वेढा उठलेला नव्हता.